कडंनं जाऊ नका



चळवळीच्या अंकात सायकलचं काय काम, असं कुणी विचारील. कविता छापा, आरक्षणावर लिहा, अत्याचाराची बातमी द्या. ते सगळं येईलच. पण एकदा पहाटे पाचला कुठल्याही शहराच्या नाक्यावर जाऊन उभे राहा. अंधारात सायकल कोण हाणतंय ते बघा. सहाच्या हजेरीला निघालेला झाडूवाला. रात्रपाळी करून परतणारा वॉचमन. पाच मिनिटं उशीर झाला की खाडा पडतो म्हणून जीव खाऊन पायडल मारणारा ठेक्यावरचा कामगार. त्यांना थांबवून वस्ती विचारा. बऱ्याच वस्त्या आपल्या ओळखीच्या निघतील.

२०२२ साली ह्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. सरकारचाच आकडा आहे. त्यात पायी चालणारे ३२ हजारांच्या वर आणि सायकलवाले साडेचार हजारांच्या वर. म्हणजे ज्यांच्याजवळ कुणाला धडक द्यायला काही नव्हतंच, अशी ही माणसं. त्या अहवालात मेलेल्याची जात लिहीत नाहीत. लिहिली असती तर अंक नुसता रस्त्याचाच काढावा लागला असता.

म्हणून सायकलवर लिहितो. चाळीस वर्षं सायकल मारली आहे. एवढं लिहिण्याचा हक्क पायानं कमावला आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. १९७२ च्या दुष्काळात बापानं आणि आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तालुक्यापासून गावापर्यंत सडक झाली ती अशा हातांनी. पुढं दोन वर्षांनी बापानं एक जुनी सायकल घेतली. चेन सैल, सीट फाटलेलं, घंटी नव्हती. तालुक्याला कामाला जायचा. आपण फोडलेल्या खडीवरनं दहा मैल सायकल मारत यायचा आणि वेस आली की खाली उतरायचा. तिथून चावडीपुढनं, देवळापुढनं, पाटलाच्या वाड्यापुढनं सायकल हातानं ढकलत महारवाड्यापर्यंत. एकदा उतरला नाही. कट्ट्यावरनं आवाज आला, "काय रं, लई मोठा झाला का? उतर खाली. कडंनं जा." बाप उतरला. कडंनं गेला.

तेव्हापासून आई मला घरातनं निघताना एकच सांगायची, "कडंनं जा रं बाबा." तिचं काही चुकीचं नव्हतं. पोरगं जिवंत परत यावं एवढीच तिची मागणी. पण हा शब्द आपल्या अंगात किती खोल गेलाय ते बघा. रस्ता सगळ्यांचा, आणि आपण कडेचे. समोरून कुणी आलं की पाय आपोआप कडेला वळतात. डोक्याला विचारतसुद्धा नाहीत.

हा रस्ता फुकट मिळालेला नाही. १९२४ साली त्रावणकोरात वायकोमला सत्याग्रह झाला, तो देवळात शिरायचा नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यानं चालायचा होता. नुसतं चालायला दीड वर्षाच्या वर लढावं लागलं. पुढं घटना झाली. १५ वं कलम काढून वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि त्यांच्या पंगतीला रस्ते. रस्ता हा शब्द तिथं उगीच पडलेला नाही. आणि अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अडवणं हा गुन्हा धरला आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. म्हणजे आमच्या बापाला ज्यानं खाली उतरवलं त्याच्यासाठी देशाला २०१६ साली सायकल हा शब्द कायद्यात घालावा लागला. एकविसाव्या शतकातही त्याची गरज पडली, हे लक्षात ठेवा.

मी १९८६ साली पुण्याला आलो. दापोडीत खोली, भोसरीच्या एमआयडीसीत काम. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा आणि मग भोसरी. रोज जायचं, रोज यायचं, तीन पाळ्यांत. पाळी सुटली की गेटातनं सायकलींचा लोंढा निघायचा. शेकडो सायकली एका वेळी. ट्रकवाला मुकाट्यानं मागं हळू यायचा. त्याला कुणी कायदा शिकवला नव्हता. आम्ही पुष्कळ होतो, एवढंच. पुढं लोकांकडं लुना आल्या, मग मोटारसायकली. सायकलवाले विरळ झाले. जो उरला तो एकटा पडला, आणि एकट्याला बघितलं की चाकाला जोर चढतो.

इथं जात विचारणारा कुणी नव्हता. पण हॉर्न होता. मागनं पाठीत हॉर्न, मग खिडकीतनं तोंड, "ए सायकल! मरायचंय का? कडंनं चाल!" गाव मागं टाकून तीनशे किलोमीटर आलो, तर शब्द माझ्या आधी येऊन बसलेला.

आता नीट ऐका. गावातला तो कट्टा आणि ट्रकचा डायव्हर ही एकच गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. उगाच दोन्ही एका पोत्यात भरू नका. डंपरवरचा डायव्हर पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. मालक त्याला फेरीवर पैसे देतो. फेऱ्या वाढल्या तर पगार, नाही तर शिव्या. रात्रंदिवस झोप नाही. क्लीनर डाव्या खिडकीतनं पत्रा बडवून सांगायचा, 'सायकल आहे, सायकल आहे'. बऱ्याच मालकांनी पैसे वाचवायला क्लीनरच काढून टाकला. त्याचा पगार वाचला आणि आपला जीव स्वस्त झाला. त्याचा राग समजून घ्या. पण त्याच्या चाकाखाली जाऊ नका.

आणि चाकाखाली जायचा सगळ्यात सोपा रस्ता कोणता, तर कड. हे चाळीस वर्षांचं सांगणं आहे. कडेला काय असतं? खडी, वाळू, फुटलेल्या काचा, साचलेलं पाणी, डांबराची तुटलेली धार, उघडं चेंबर, उभ्या केलेल्या गाड्या. तुम्ही तिथनं चाललात की मागच्याला वाटतं, ह्यानं जागा दिली. मग तो वेग न मोडता तुम्हाला घासून निघतो. तेवढ्यात पुढं खड्डा आला तर तुम्हाला जायला जागा एकच, त्याच्या चाकाकडची.

१९९८ च्या पावसाळ्यात आमच्या खात्यातला एक सोबती असाच गेला. दुसरी पाळी करून रात्री निघाला होता. सरळ माणूस. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, अगदी कडंनं चालला होता. पाण्याखाली चेंबर उघडं होतं. पुढचं चाक अडकलं, तो उजवीकडं पडला, मागनं टेम्पो आला. टेम्पो थांबला नाही. नंबर कुणी घेतला नाही. चौकीत जमादार म्हणाला, "सायकलवाल्याला दिसत नव्हतं काय?" कागदावर तेच गेलं. आयुष्यभर कडंनं चालला, तरी चूक त्याचीच.

म्हणून सांगतो. रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चाला, पण कडेपासून हातभर, जमेल तिथं मीटरभर आत चाला आणि सरळ रेषेत चाला. मागच्याला तुम्ही समोर दिसता. ओलांडायचं तर त्याला ठरवावं लागतं, हळू व्हावं लागतं. तो हॉर्न वाजवील. वाजवू द्या. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला आपण दिसलोय. भीती त्याची, जो वाजवत नाही. मात्र रस्ता रुंद झाला, मागं रांग लागली, तर आपणहून बाजूला होऊन वाट द्या. ती आपली मर्जी आहे, लाचारी नव्हे. अरुंद पूल, बोगदा, वळण ह्या ठिकाणी मात्र कडेला चिकटू नका. तिथं दोघांना जागा नसते, आणि आहे असं त्याला वाटू देऊ नका. मोठ्या हायवेची गोष्ट वेगळी. तिथं साइडपट्टी पक्की आणि मोकळी असेल तर तीच धरा.

उभ्या मोटारीच्या अंगानं जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवा. आतला माणूस मागं बघून दार उघडील ह्या भरवशावर कुणी राहू नये.

ट्रक, बस, डंपर सिग्नलला उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूनं पुढं घुसू नका. डायव्हर उजवीकडं उंचावर बसलेला असतो. डाव्या दाराखाली तुम्ही उभे असाल तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच. गाडी डावीकडं वळली की पुढचं चाक तुम्हाला चुकवून जातं आणि मागचं आत कापत येतं. त्यात सापडलेला माणूस वाचत नाही. त्याच्या मागंच थांबा. दोन मिनिटं उशीर होईल. खाडा पडला तर पडू दे.

राँग साइडनं जाऊ नका. साधं गणित करा. तुमचा वेग तासाला १५ किलोमीटर, गाडीचा ६०. ती मागून आली तर फरक ४५ चा. समोरून आली तर बेरीज ७५. शिवाय चुकवायला दोघांनाही वेळ नाही. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून बरं वाटतं. दिसणं आणि वाचणं ह्यात फार अंतर आहे.

वळायच्या आधी मान मागं वळवून बघा. हात काढा, सरळ आणि लांब. डायव्हरच्या डोळ्यांत बघा. मी ही गोष्ट नाशिक फाट्यावर शिकलो. उड्डाणपूल व्हायच्या आधी तिथं हायवे ओलांडून उजवीकडं वळावं लागायचं. नजरेला नजर दिली की बहुतेक डायव्हर पाय उचलतात. ज्यानं आपल्याकडं पाहिलं त्याला आपण माणूस दिसतो. पाहिलं नाही तर नुसती सायकल. मोटारींचा लोंढाच असला, तर उतरून पायी ओलांडा. इथं उतरणं म्हणजे वेशीपुढं उतरणं नव्हे. कुणी उतरवलं नाही, आपण ठरवून उतरलो.

सगळ्यात मोठी गोष्ट उजेडाची. साठच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर येते. अंधारात काळा शर्ट, काळी सायकल डायव्हरला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात समोरच्यानं अप्पर मारलेला असला तर तो आंधळाच असतो. आमच्या वेळी डायनॅमो होता. सायकल थांबली की दिवा गेला. आता बॅटरीचे दिवे स्वस्त झाले आहेत. पुढं पांढरा, मागं लाल. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टरची पट्टी, दोन्ही पायडलांना पिवळ्या. पायडल वरखाली होतं, ते लांबून ओळखू येतं. फिकट रंगाचा शर्ट. कानात मोबाइलची गाणी नकोत, मागचं इंजिन ऐकू यायला हवं. ब्रेक दोन्ही लागले पाहिजेत. पावसात चेंबरची लोखंडी झाकणं आणि रंगवलेले पट्टे निसरडे होतात, त्यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका.

आणि आमच्या बीडकडच्या पोरांनो, ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळांना मागचा दिवा नाही. अंधारात ती चालती भिंत असते. जी पट्टी सायकलला लावाल ती ट्रॉलीलाही लावा. ट्रॉली मालकाची असेल, तिच्यावर झोपलेली माणसं आपली आहेत.

आता रागाचं बोलतो, कारण हा अंक वाचणाऱ्यांना राग लवकर येतो. यायलाच हवा. कुणी कट मारतो, मुद्दाम अंगावर गाडी घालतो, क्लीनर पाठीत थाप मारून हसतो. मग आपलं पोरगं सायकल दामटून पुढच्या सिग्नलला त्याला गाठतं. कॉलर धरतं. मी अशी भांडणं पाहिली आहेत. डायव्हरच्या हातात पाच-दहा टनांचा लोखंडाचा तुकडा असतो आणि तुमच्या हातात हँडल. तिथं विद्रोह करू नका.

१९२९ ची गोष्ट आठवा. बाबासाहेब चाळीसगावला उतरले. वस्तीतली माणसं त्यांना न्यायला स्टेशनवर आली. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्यानं पायी यावं हे वस्तीला कमीपणाचं वाटलं. शेवटी टांगा भाड्यानं घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच माणूस हाकायला बसला. थोडं अंतर जातंय तोच मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढं नदीच्या मोरीवर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली आहे. टांगेवाल्यांची जात तर त्यांनी उघडी पाडलीच. पण आपल्या माणसांबद्दलही स्पष्ट लिहिलं, की माझा मान राखायच्या नादात त्यांनी माझा जीव धोक्यात घातला. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे ती माणसं विसरली.

पोरांनो, हे पान पुन्हापुन्हा वाचा. मान हवाच. पण लगाम धरता आला पाहिजे. रस्त्याचा मधला भाग घ्यायचा तो ऐट म्हणून नाही, तिथं जगण्याची शक्यता जास्त म्हणून. आणि जिथं मागं हटल्यानं जीव वाचतो तिथं मागं हटायचं. गाडीचा नंबर पाठ करा, जागा आणि वेळ लिहून ठेवा. भांडण तिथून पुढं सुरू करा, कागदावर. तिथं आपल्याला बाबासाहेबांनी हत्यार दिलेलं आहे.

माझ्या त्या सोबत्याच्या बायकोला कुणी सांगितलं नव्हतं, की गाडी सापडली नाही तरी कायद्यानं भरपाई मिळते. तेव्हा ती २५ हजार होती. युनियनलाही ठाऊक नव्हतं. वर्गणी निघाली, पुण्यानुमोदनाचा खर्च भागला, बाई धुणीभांडी करत राहिली. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार झाली आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला सहा महिन्यांची मुदत घातली, म्हणून एक दिवसही बसून राहू नका. एफआयआरची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचे कागद मागून घ्या. पंचनाम्यात उघडं चेंबर, बंद दिवा, खड्डा लिहायला लावा. जमादार तोंडाला येईल ते लिहितो. तिथं आपला शिकलेला एक माणूस उभा राहिला की लेखणी जरा जपून चालते.

जखमीला दवाखान्यात नेताना पोलिसांच्या लफड्याला भिऊ नका. २०१९ च्याच दुरुस्तीत १३४-अ कलम घातलं आहे, मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. आणि डायव्हरला जमावानं मारू नका. जानेवारी २०२४ मध्ये पळून जाणाऱ्या डायव्हरला दहा वर्षांच्या शिक्षेचं कलम येणार म्हणून देशभर डायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, थांबलो तर लोक जिवे मारतात. आपण मारत नाही हे त्याला कळलं, तर एखादा थांबेल. एखाद्याचा जीव वाचेल.

पुण्यात २०१७ साली महापालिकेनं सायकलींचा आराखडा मंजूर केला. अॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या आणि गेल्या. सायकलींच्या पट्ट्यांवर मोटारसायकली उभ्या. आराखडा करताना झाडूवाल्याला कुणी विचारलं का, बाबा तू पाचला कुठनं येतोस? तो विचारणार कोण? आपणच. १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्यातल्या एका भिंतीच्या भाड्यात एका अख्ख्या वस्तीच्या सायकलींना दिवे आणि पट्ट्या लागतील. आरोग्य कोठीच्या दारात पहाटे एक टेबल मांडा. एकजण पट्टी लावील, एकजण ब्रेक बघील, एकजण उघड्या चेंबरांची यादी करून वॉर्ड ऑफिसात देईल आणि पोच घेईल.

हा खेळ करणारी माणसं आपल्यात झाली आहेत. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. त्याच माणसानं १९८३ साली डीएस-फोरचा सायकल मोर्चा काढला आणि राज्याराज्यांतून तो फिरवला. मोटारी नव्हत्या म्हणून चळवळ थांबली नाही. आणि मोर्चा एकट्यानं निघत नाही. तुम्हीही एका वेळेला, एका रस्त्यानं कामाला जाणारे चारजण हेरा. बरोबर निघा. चार दिवे एकत्र दिसले की डायव्हरचा पाय आपोआप उचलतो, हे आम्ही भोसरीच्या गेटावर रोज पाहिलं आहे.

तेव्हा उद्या सकाळी सायकल काढाल तेव्हा दिवा लावा, मान मागं वळवून बघा आणि कडेपासून हातभर आत या. तेवढी जागा घटनेनं दिलेली आहे. ती जिवंत राहून वापरा.

जयभीम.